दया आणि व्यवस्था

सेवेचा हिशेब ठेवावा की ठेवू नये? वाचक सज्जनहो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. या हाताचे त्या हाताला कळू देऊ नये, अशी आपल्याकडची जुनी शिकवण आहे. अन्नछत्र चालवणारा माणूस पानांची मोजदाद करू लागला की लोक आपसांत कुजबुजतात, 'याचं चित्त आता वहीत गेलं.' त्याहून अवघड प्रश्न पैशाचा. एकाकडून पैसे घ्यावयाचे, दुसऱ्याकडून घ्यावयाचे नाहीत आणि दोन्हींना सेवाच म्हणावयाचे, हे कसे काय? पैसा शिवला की सेवेचा धंदा होतो, असे म्हणणारे भाविक आम्हांस पुष्कळ भेटतात आणि त्यांची भीती अगदीच निराधार आहे असेही नाही. धर्माच्या नावाने मांडलेली दुकाने आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

या प्रश्नांना ग्रंथाधारे उत्तरे देणारे अधिकारी पुरुष आहेत. आम्ही आज तो मार्ग सोडून एका माणसाच्या चरित्राकडे वळतो. हा मनुष्य कीर्तनकार नव्हता, संन्यासीही नव्हता. डोळ्यांचा डॉक्टर होता. तमिळ मुलखातील मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. तिकडे त्यांना सगळे नुसते 'डॉक्टर व्ही' म्हणत. त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१८ चा आणि देहावसान ७ जुलै २००६ रोजी झाले. त्यांनी सेवेचा हिशेब ठेवला, अगदी काटेकोर ठेवला, पैसेही घेतले, आणि तरीही त्यांच्या कामाला धंदा म्हणावयास जीभ रेटत नाही. हे कसे झाले तेच पाहावयाचे आहे.

एट्टयपुरमजवळच्या वडमलापुरम या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. पाच भावंडांत थोरले. सकाळी म्हशी चरावयास न्यायच्या आणि मग शाळेत जायचे. शाळेत कागद-पेन्सिल नव्हती. नदीकाठची वाळू आणून पसरायची आणि तिच्यावर बोटाने अक्षरे गिरवायची. आपल्याकडे धुळाक्षरे म्हणत, तीच ही. त्या खेड्यात डॉक्टर नव्हता. नात्यातल्या तीन तरुण स्त्रिया बाळंतपणाच्या पायी दगावल्या, त्या या मुलाच्या डोळ्यांदेखत. तेव्हाच त्याच्या मनाने घेतले की आपण डॉक्टर व्हायचे, आणि तेही अडलेल्या बायकांना सोडवणारा डॉक्टर. मदुराईच्या अमेरिकन कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन पदवी, मग मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयातून १९४४ साली डॉक्टरकीची पदवी, मग लष्कराच्या वैद्यकीय दलात नोकरी. सगळे सरळ चालले होते.

आणि मग आमवाताने गाठले. साधासुधा नव्हे, सांधे सुजले, हातापायांची बोटे आखडली, वाकडी झाली आणि ती जन्मभर वाकडीच राहिली. १९४८ साली लष्करातली नोकरी सुटली. वर्षाहून अधिक काळ हा तिशीतला तरुण अंथरुणाला खिळून होता. हातात लेखणी धरवत नव्हती. ज्या कामासाठी डॉक्टर झालो ते बाळंतपणाचे काम या देहाकडून आता होणे नाही, हे त्यांना कळून चुकले.

अशा वेळी माणूस काय करतो? 'देवाची इच्छा' म्हणून हात जोडून बसतो, आणि त्याला कोणी नावेही ठेवणार नाही. वेंकटस्वामींनी जे केले ते सहजी पटण्याजोगे नाही. बोटांचे नाजूक काम जमणार नाही म्हणून एक विद्या सोडावी लागली, तर त्यांनी दुसरी उचलली ती बोटांच्या अधिकच नाजूक कामाची. १९५१ साली त्यांनी नेत्रशास्त्राची पदविका घेतली. डोळ्याचे शस्त्र धरायचे कसे, हे त्या वाकड्या बोटांना त्यांनी नव्याने शिकवले. आपल्या हाताला पेलतील अशी हत्यारे बनवून घेतली. डोळ्यावरची चीर ती केवढी! तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीत सगळा खेळ. तेथे हात थरथरला की संपले. त्या हातांनी पुढे आयुष्यभरात १ लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या.

याच सुमारास ते पाँडिचेरीच्या श्रीअरविंदांच्या मार्गाकडे वळले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. संसारातून पळ काढून परमार्थ नाही, माणसाचे नित्याचे कामच देवाच्या हातचे अवजार होऊ शकते, हा त्या मार्गाचा गाभा. आपल्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. मळ्यात, चाकावर, हाटात आणि वस्तऱ्यासमोर ज्यांना देव भेटला त्या संतांची नावे येथे घेण्याची गरजच नाही. पण ऐकणे वेगळे आणि सकाळी ७ वाजता शस्त्र हाती धरून ते करून दाखवणे वेगळे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. १९५६ साली ते मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख झाले. १९६० नंतर त्यांनी खेडोपाडी नेत्रशिबिरे भरवावयास प्रारंभ केला. तेथे त्यांना जे दिसले ते असे. आंधळे म्हणून ओसरीवर बसवलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक खऱ्या अर्थाने आंधळे नव्हतेच. त्यांना मोतीबिंदू होता. आपल्या डोळ्याच्या बाहुलीमागे एक स्वच्छ भिंग असते; त्यातून प्रकाश आत जातो. वयाबरोबर ते गढूळ होते, साय धरल्यासारखे. आतला पडदा शाबूत, दृष्टीची शीर शाबूत. फक्त दार बंद. ते गढूळ भिंग काढले की माणूस पुन्हा पाहू लागतो. म्हणजे ज्याला नशीब म्हणून सोडून दिले होते, ते थोड्या वेळाच्या शस्त्रक्रियेचे काम होते.

आणि घरात त्या माणसाची अवस्था काय? आपल्याकडे एक क्रूर म्हण आहे, 'खायला काळ अन् भुईला भार.' म्हण कोणी तोंडावर बोलत नाही, पण आंधळ्या म्हाताऱ्याला ती ऐकू येते. ताटातली भाकरी चाचपडताना, परसाकडे जाण्यासाठी नातवाला हाक मारताना, प्रत्येक वेळी ऐकू येते.

तर शिबिरे भरली. डॉक्टर आले, तपासणी झाली, 'तुमचा डोळा उघडेल, पैसा नको' असे सांगितले. मग? मग पुष्कळ लोक शस्त्रक्रियेला आलेच नाहीत! ज्यांना दृष्टी मिळणार होती, फुकट मिळणार होती, ते घरीच बसले. येथे एखादा दाता चिडला असता. 'यांना किंमतच नाही, द्यावं तरी किती' असे म्हणून त्याने हात झटकले असते, आणि असे म्हणणारे दाते कमी नाहीत. मदुराईच्या लोकांनी तसे न करता त्यांच्या दारी जाऊन विचारले, की बाबा, का आला नाहीस?

उत्तरे साधी होती. एस.टी.चे भाडे नाही. चार दिवस तिथे खायचे काय? सोबत सून किंवा मुलगा यायचा तर त्याची मजुरी बुडते. शेतात काम आहे. भीती वाटते, आहे तेही जायचे. आणि 'आता माझं वय झालं, कशाला खर्च', हे तर प्रत्येकाच्या ओठांवर. शस्त्रक्रिया फुकट होती, पण तिच्यापर्यंत जाणे फुकट नव्हते. ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही त्याला फुकटचा डोळादेखील परवडत नाही, ही गोष्ट पोटभर जेवून दान करणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. दया होती, डॉक्टर होता, औषध होते. तरी आंधळा घरीच. मधली वाट कोणी बांधली नव्हती.

ती वाट त्यांनी बांधली. गावातल्याच एखाद्या मंडळाने, शाळेने, देवस्थानाने शिबिराचा भार घ्यावयाचा, निरोप घरोघर पोहोचवावयाचा. तपासणी झाली की ज्यांना शस्त्रक्रिया हवी त्यांना त्याच दिवशी मोटारीत बसवून रुग्णालयात आणायचे. जेवण, राहणे, औषध, चष्मा, परतीचा प्रवास, सगळे त्यांचे. सोबतीला घरचे कोणी नको, कारण सोबतीला गाव असे. एकटा म्हातारा निघणार नाही. पण ओळखीची दहा माणसे गाडीत बसलेली दिसली की अकरावाही पाय उचलतो. वारीला निघालेल्या माणसाला हे समजावून सांगावयास नको.

१९७६ साली ५८ व्या वर्षी वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून नियमाप्रमाणे निवृत्त झाले. पद्मश्री मिळून ३ वर्षे झाली होती. पेन्शन होती. लग्न केलेले नव्हते, वडिलांमागे भावंडांना मार्गी लावण्यात ती वर्षे गेली होती. आता आराम करावा, असे कोणीही म्हटले असते. त्यांनी मदुराईत एका घरात ११ खाटांचे नेत्ररुग्णालय उघडले आणि त्याला श्रीअरविंदांचे नाव दिले. पैसा कोठून आणला? स्वतःचे घर गहाण टाकले, भावंडांनी आपापली पुंजी ओतली. ११ खाटांपैकी ६ पैसे नसणाऱ्यांसाठी आणि ५ पैसे देणाऱ्यांसाठी.

या सहा आणि पाचाच्या हिशेबात आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून येथे जरा रेंगाळतो.

दानाची नेहमीची तऱ्हा आपल्याला ठाऊक आहे. एक देणारा, एक घेणारा. देणाऱ्याचे नाव कोनशिलेवर. घेणारा रांगेत उभा, हातात दाखला, की हा खरोखर गरीब आहे. कधी फोटो, कधी हार, कधी भाषण. घेणाऱ्याचे पोट भरते, अंग झाकते, पण तो मिंधा होतो. आणि हे मिंधेपण फार जड असते हो. कित्येक स्वाभिमानी माणसे त्यापायीच दारात येत नाहीत. शिवाय दात्याची लहर फिरली, व्यापार बुडाला, की छत्र बंद. आंधळ्याने मग कोणाकडे पाहावे?

मदुराईची रीत अशी पडली. पैसे देणाऱ्याने स्वतःच्या शस्त्रक्रियेचे वाजवी पैसे द्यावयाचे. त्याने कोणावर उपकार केले, असे त्याला कोणी सांगत नाही. त्याला त्याचा डोळा मिळाला, तो घरी गेला. त्याच्या पैशातून जे उरले त्यातून दुसऱ्या कोणाचा तरी डोळा उघडला. तो कोण, हे देणाऱ्याला ठाऊक नाही. कोणाच्या पैशाने उघडला, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही. या हाताचे त्या हाताला कळले नाही! जी शिकवण हिशेबामुळे मोडेल अशी आपणांस भीती वाटत होती, ती येथे हिशेबानेच पाळली गेली. वहीत जमाखर्च काटेकोर नसता तर हे घडले नसते. मग वर्गणीचे पुस्तक घेऊन दारोदार हिंडावे लागले असते आणि पुन्हा कोनशिला आल्या असत्या.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. गरिबीचा दाखला मागायचा नाही. पैसे द्यावयाच्या दाराने जावे की फुकटच्या, हे येणाऱ्याने स्वतः ठरवायचे. व्यवहारी माणूस म्हणेल, 'लोक लबाडी करतील. बागाईतदार फुकटच्या रांगेत उभा राहील.' राहतही असेल एखादा. पण त्या एका लबाडाला पकडण्यासाठी शंभर गरिबांना आपली गरिबी सिद्ध करावयास लावायची, हा सौदा वेंकटस्वामींनी केला नाही. आणि त्यामुळे दिवाळे वाजले नाही, हे साऱ्या जगाने पाहिले. ११ खाटांचे पुढे शेकड्यांनी खाटा असलेले रुग्णालय झाले, मग तमिळनाडूत इतर गावी शाखा निघाल्या, आणि आजवर तेथे ५० लाखांच्या वर शस्त्रक्रिया झाल्या आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक फुकट किंवा अगदी अल्प दरात.

कोणी म्हणेल, दोन दारे म्हणजे भेदभाव नव्हे काय? आहे, काही अंशी आहे. पैसे देणाऱ्याला खाट, वेगळी खोली. फुकटवाल्याला जमिनीवर चटई. आम्ही ते झाकून ठेवत नाही. परंतु शस्त्र धरणारा हात दोघांना एकच. डॉक्टर आज या बाजूला तर उद्या त्या बाजूला, पाळीपाळीने. चटईवर झोपण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला खाटेवाचून काही बिघडत नाही. डोळा मात्र दुय्यम मिळून चालणार नाही. कोठे काटकसर करावी आणि कोठे तिळमात्र करू नये, हे ज्याला कळले त्याला सेवा कळली, असे आमचे मत आहे. पुष्कळ ठिकाणी उलट दिसते. दर्शनी भिंतीला संगमरवर आणि आत औषध नाही.

तरीही एका बाबतीत हा भेद डोळ्यापर्यंत पोहोचला होता, आणि तो प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पूर्वी मोतीबिंदू काढला की भिंगाच्या जागी काही बसवत नसत. मग जाड काचेचा चष्मा द्यावयाचा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या नाकावर तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. डोळे केवढाले दिसायचे! त्या चष्म्यातून वस्तू मोठ्या आणि जवळ भासत, बाजूचे दिसत नसे, विहिरीची पायरी चुके. आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडले या डॉक्टराने २९ नोव्हेंबर १९४९ रोजी डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसवण्याचे धाडस केले. युद्धात फुटलेल्या विमानाच्या झाकणाचे पारदर्शक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले तरी डोळा ते सोसतो, हे त्याने पाहिले होते. त्याच्याच व्यवसायबंधूंनी त्याला बरीच वर्षे वेड्यात काढले, पण तो वेगळा विषय.

ही भिंगे १९८० नंतर सर्रास वापरात आली. पण ती परदेशी बनावटीची, एकेक सुमारे १०० डॉलर आणि त्याहून अधिक किमतीची. नाकापेक्षा मोती जड, म्हणतात तसे झाले. शस्त्रक्रियेपेक्षा भिंगच महाग. तेव्हा मदुराईतदेखील पैसे देणाऱ्याला आतले भिंग आणि गरिबाला तो जाड चष्मा, असे होऊ लागले. म्हणजे एकाच छपराखाली दोन प्रकारचे पाहणे! येथे 'असेना का, त्याला दिसते तर आहे' असे म्हणून स्वस्थ बसणे किती सोपे होते. फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवावयास गरीब थोडाच येतो? वाटाघाटी करून, देणगीची भिंगे मिळवून काही काळ निभावले. मोठमोठे जाणते लोक सांगत होते की असली नाजूक वस्तू हिंदुस्थानात बनणार नाही. वेंकटस्वामींच्या मंडळींनी १९९२ साली मदुराईतच भिंगांचा कारखाना काढला. ऑरोलॅब त्याचे नाव. भिंग सुमारे १० डॉलरवर आले आणि पुढे त्याहूनही खाली. आज ही भिंगे १०० हून अधिक देशांत जातात. फुकटच्या दाराने आलेल्या माणसाच्या डोळ्यातही तेच भिंग बसू लागले. 'आंधळा मागतो एक डोळा' ही म्हण आपण देवाच्या औदार्यासाठी वापरतो. पण आंधळ्याने जे मागितलेच नव्हते, ते त्याचे देणे आहे असे मानून कारखाना उभारणे, हे मनुष्याने केलेले औदार्य आहे आणि त्यासाठी कामगार, यंत्रे, स्वच्छ हवेच्या खोल्या आणि पै-पैचा हिशेब लागला.

आता मोजदादीच्या आक्षेपाकडे. या डॉक्टरांनी एक विलक्षण गोष्ट केली, जी ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. अमेरिकेत मॅक्डोनल्ड नावाची खाद्यपदार्थांची दुकाने आहेत. तिथले जिन्नस आपल्या ताटात चालणारे नव्हेत, तो विषय सोडा. पण कोणत्याही गावी जा, तोच पदार्थ, तीच चव, तीच वेळ, तोच भाव. हजारो दुकाने आणि कामाला साधीच पोरे. हे वेंकटस्वामींनी पाहिले आणि त्यांच्या मनात आले, की असे जर वडा-पाव विकणाऱ्याला साधते तर डोळे उघडणाऱ्याला का साधू नये? 

म्हणून शस्त्रक्रियेच्या खोलीत एका डॉक्टरामागे दोन टेबले. एका रुग्णाचे काम चालू असताना दुसऱ्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार. पहिले आटोपले की डॉक्टर सूक्ष्मदर्शक वळवून लगेच दुसऱ्याकडे. डोळा धुणे, औषध घालणे, पट्टी बांधणे, धीर देणे ही कामे शिकवून तयार केलेल्या मुलींकडे. डॉक्टराच्या वाट्याला फक्त तेवढे जे डॉक्टरानेच करावयास हवे. अशा रीतीने तेथला एकेक शल्यचिकित्सक वर्षाला २००० च्या आसपास शस्त्रक्रिया करतो. इतरत्र याच्या पाव हिश्श्यानेही होत नाहीत.

'अहो, मग माणसाचा जिन्नसच झाला की!' आक्षेप खोटा नाही. आम्हांलाही वाचता वाचता तो टोचला. पण थोडे पुढे जाऊन विचार करू. ओसरीवर बसलेल्या आंधळ्याला काय हवे आहे? डॉक्टराने तासभर गप्पा माराव्यात हे, की आपली पाळी या वर्षी यावी हे? ज्याची पाळी आली त्याच्या दृष्टीने घाई दिसते. ज्याची आली नाही त्याच्या दृष्टीने प्रत्येक वाया गेलेला क्षण म्हणजे आणखी एक दिवस अंधार. दयाळू माणसाला समोरचा एक दिसतो. न आलेले हजार दिसावयाचे तर मोजावेच लागते.

आणि तेथे मोजतात ते केवळ यशच नव्हे. कोणत्या डॉक्टराच्या हातून किती डोळ्यांत गुंतागुंत झाली, कितींत जंतूंची बाधा झाली, सगळे नोंदले जाते आणि तपासले जाते. पुण्याची बेरीज करणारे आपल्याकडे पुष्कळ. आपल्या हातून सेवेत काय बिघडले याची वही ठेवणारी किती देवस्थाने, किती छत्रे, किती मंडळे आपण दाखवू शकू? इतक्या वेगाने काम करूनही तिथल्या गुंतागुंतीचे प्रमाण इंग्लंडातल्या रुग्णालयांशी ताडून पाहिले तेव्हा ते अधिक भरले नाही. हे त्या वहीमुळे. दिंडीत विणेकरी, चोपदार, टाळकऱ्यांच्या ओळी, रथापुढच्या आणि मागच्या दिंड्यांचे क्रमांक हे सगळे असते म्हणून आपले भजन कोरडे होते, असे आपण मानत नाही. मग दुसऱ्याच्या भक्तीतली शिस्त पाहून का बिचकावे?

एक प्रश्न मात्र आम्ही मोकळा सोडणार आहोत, कारण आम्हांला त्याचे उत्तर सहजासहजी देववत नाही. वेंकटस्वामींनी स्वतःचे आयुष्य दिले, हा त्यांचा अधिकार. ते रुग्णालयाकडून वेतन घेत नसत, आपल्या सरकारी पेन्शनवर राहत. पण त्यांनी आपल्या घरच्यांनाही या कामात ओढले. धाकटी बहीण डॉ. नाचियार आणि त्यांचे पती डॉ. नंपेरुमाळसामी, दोघेही डोळ्यांचे उत्तम शल्यचिकित्सक. बंधू श्रीनिवासन बांधकाम आणि पैशाचा हिशेब पाहणारे. आणखी कितीतरी सोयरे. खाजगी धंदा करायचा नाही, असा नियम. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, शनिवार-रविवारी शिबिरे, घरात लहान मुले. बरोबरीचे डॉक्टर बंगले बांधत होते तेव्हा यांनी एकेक खाट वाढवली. थोरल्या भावाने एक संकल्प करावा आणि धाकट्यांनी तो पाठीवर वाहावा, हे कितपत न्याय्य? थोरल्यापुढे 'नाही' म्हणणे आपल्या घरांतून किती अवघड असते ते आपण जाणतो. त्या वर्षांच्या ओढाताणीविषयी नाचियार यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे, आणि आम्हांला त्यांचे हे सांगणे त्यांच्या कष्टांइतकेच मोठे वाटते. कुटुंबाच्या त्यागाची कथा सांगताना आपण नेहमी एकाच नावाचा जयजयकार करतो.

स्वतः वेंकटस्वामी या बाबतीत बेफिकीर नव्हते. ते अनेक वर्षे रोजनिशी लिहीत आणि तीत इतरांवर टीका करण्याऐवजी स्वतःलाच प्रश्न विचारत: आपला अहंकार कोठे आड येतो, आपण कोणाशी कठोर वागलो, काम अधिक निर्मळ कसे होईल. उत्तर प्रत्येक वेळी सापडे असे नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा.

त्या शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या मुलींचे शिक्षण नाचियार यांनी आपल्याकडे घेतले. शहरातल्या शिकलेल्या परिचारिका न शोधता त्यांनी शेतकऱ्यांच्या, खेड्यातल्या १७-१८ वर्षांच्या मुली निवडल्या. पुष्कळ जणींच्या घरातून नोकरीला बाहेर पडणारी ती पहिलीच बाई. दोन वर्षे त्यांना शिकवायचे, राहण्या-जेवण्याची सोय करायची, हाती पगार द्यायचा. आज डॉक्टरांहून कितीतरी अधिक संख्येने त्याच तेथे काम करतात. गावाहून आलेल्या आजीला मोटारीतून उतरवून घेणाऱ्या, नाव विचारून चिठ्ठी लिहिणाऱ्या, डोळ्यात थेंब घालणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडून 'किती बोटं दिसतात?' म्हणून विचारणाऱ्या त्याच.